आधी कडा बघा: सोलापुरात फोटोग्राफी शिकताना

नवशिक्याची नजर विषयावर खिळलेली असते, आणि फोटो बिघडतो तो कडांवर. तलावाकाठून सिद्धेश्वराचं शिखर सुरेख येतं, पण कोपऱ्यात विजेची तार लोंबत असते, खाली कुणाचा तरी अर्धा खांदा आलेला असतो. बटण दाबायच्या आधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. नको असलेलं दिसलं तर झूम करू नका, दोन पावलं सरका.

ग्रिड, म्हणजे पडद्यावर चौकटीचे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषा, कायम चालू ठेवा. पाण्याची कड शक्यतो वरच्या किंवा खालच्या तृतीयांशावर घ्या. मात्र सकाळी वारा पडलेला असेल आणि देवळाचं प्रतिबिंब अख्खं उतरलं असेल, तर ती कड बिनधास्त मधोमध घ्या. पाणी हललं की मधोमध घेण्यात अर्थ उरत नाही.

रेषा शिकायला यंत्रमागाच्या शेडसारखी जागा नाही. मालकाला विचारून आत जा आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबता ठेवू नका, फिरत्या पट्ट्यात अडकतो. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या लांब धाग्यांच्या, पातळीपेक्षा वीतभर वर कॅमेरा धरा. धागे खालच्या कडेतून निघून विणकराच्या हातापर्यंत गेले पाहिजेत. अगदी कोपऱ्यातून निघालेली रेष नजरेला चौकटीबाहेर ओढते, म्हणून ती कोपऱ्याच्या जरा अलीकडून सुरू करा. फोकस हातांवर ठेवा. भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं, म्हणजे एफ २.८ वर ठेवलं तर पुढचे धागे विरघळतात, लहान, म्हणजे एफ ८ वर ताणा ठसठशीत उमटतो. ताणा हाच रस्ता असेल तर आठच बरा. शेडमध्ये जुन्या ट्यूबलाइट असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवल्यावर आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. १/५० वर धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन ये-जा करणारा मागाचा भाग, पुसट होईल, होऊ द्या. माग चालू आहे हे त्यातूनच कळतं.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, उभ्या चौकटीत घ्या. काठीच्या बुडाशी उभं राहून फोन वर वळवला तर काठी मागे कलल्यासारखी दिसते. लांब जा, दुप्पट झूम वापरा आणि काठी पेलणाऱ्याचे पाय कापू नका. सगळा भार तिथेच दिसतो. पांढऱ्या बाराबंद्यांनी (बंद असलेल्या पारंपरिक अंगरख्यांनी) चौकट भरली की कॅमेरा फसतो आणि पांढरं करडं येतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ करा.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट दिसलं तर त्याच्या तोंडासमोर मोकळी जागा सोडा, पाठीमागे नको.

घरी येऊन क्रॉप करू, असं म्हणून ढिसाळ चौकट घेऊ नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीत निम्मा कापला की ६ मेगापिक्सेल उरतात. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्याचा प्रिंट जेमतेम १० बाय साडेसहा इंच निघतो.