पूर ओसरल्यावर मदतीला जाताना

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि काही ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकले. पाणी उतरले, पण मागे जो गाळ राहिला त्याने लोकांना खरे टेकीस आणले. आम्ही काही मित्र त्या आठवड्यात दोन टेम्पो घेऊन तिथे गेलो होतो. एकात धान्य आणि कपडे होते. दुसऱ्यात फावडी, घमेली, खराटे आणि गाड्या धुण्याचे दोन पंप होते. पहिला टेम्पो रिकामा होईपर्यंत संध्याकाळ झाली, तर दुसऱ्यातले सामान आम्ही उतरवत असतानाच लोकांच्या हातात गेले. मदतीची इच्छा आपल्याकडे सर्वत्र असते. ती कोणत्या दिवशी, कोणत्या रूपात पोहोचते यावर तिचा उपयोग ठरतो. पुढच्या वेळी टेम्पो भरणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहीत आहे.

निघण्याआधी फोन करावा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. त्याशिवाय गावचे सरपंच, ग्रामसेवक किंवा तिथल्या गणेशमंडळातले कार्यकर्ते यांच्यापैकी कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलावे. "काय आणू?" असे विचारले की संकोचाने "काहीही चालेल" असे उत्तर येते. त्याऐवजी "आजवर तुमच्याकडे कशाच्या गाड्या आल्या आणि काय अजून कोणीच आणले नाही?" असे विचारावे. हमरस्त्यालगतच्या गावांत दिवसाला तीन-तीन गाड्या थांबतात आणि आतल्या वाडीत एकही जात नाही, हे दर पुरात दिसते. कातकरी वाड्या, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे आणि बाहेरगावचे मजूर यांची नावे बहुधा कोणाच्याच यादीत नसतात, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळे विचारावे.

पहिल्या तीन-चार दिवसांत शिधा देऊन उपयोग नसतो, कारण शेगडी चिखलात, सिलिंडर वाहून गेलेला आणि काडेपेटी भिजलेली असते. तेव्हा भाकऱ्या, दशम्या, कोरडी चटणी, चिवडा, बिस्किटे आणि पिण्याचे पाणी न्यावे. घरात चूल पेटू लागली की मग घरटी एक पिशवी द्यावी, आणि तिच्यात तांदूळ, तूरडाळ व तेल यांबरोबर मीठ, तिखट, हळद, चहापूड, साखर, काडेपेटी आणि मेणबत्त्या असाव्यात. डाळ मिळाली आणि मीठ नाही, अशी मदत घेणाऱ्याला पुन्हा कोणाच्या तरी दारात उभी करते. माणसांबरोबर जनावरांचाही विचार करावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने शिरोळ तालुक्यातली गावे वेढली, तेव्हा माणसांइतकाच गोठ्यांचाही प्रश्न होता. अशा भागात कडबा, उसाचे वाढे किंवा पशुखाद्य पोहोचवणे ही मोठी मदत असते.

कपड्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. घरातले जुने कपडे गाठोड्यात बांधून पाठवले जातात, ते पावसात रस्त्याकडेला पडून भिजतात आणि आधीच थकलेल्या सफाई कामगारांना तो ढीग उचलावा लागतो. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला जे नेसायला देऊ, तेवढेच द्यावे. खरी गरज असते ती नव्या अंतर्वस्त्रांची, परकरांची, टॉवेलांची, चादरींची, सतरंज्यांची आणि सॅनिटरी पॅडची. बायकांच्या वस्तू बायकांच्याच हातून, बंद पिशवीत दिल्या तर मागण्याचा संकोच उरत नाही.

आता गाळाविषयी, कारण सर्वांत जास्त हात इथे लागतात. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करून घ्यावी आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. वायरमन, प्लंबर किंवा दुचाकी दुरुस्त करणारा कोणी तुमच्याबरोबर आला, तर त्याचा एक दिवस दहा पोती धान्याच्या बरोबरीचा असतो. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय चिखलात उतरू नये. कोकणात पुरानंतर लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो, म्हणून पायाला जखम असलेल्याने चिखलाबाहेरचे काम घ्यावे आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारावे. गाळ ओला असतानाच काढावा, वाळला की तो दगडासारखा धरून बसतो. आतल्या खोलीपासून सुरुवात करून दाराकडे यावे आणि गाळ गटारात न ढकलता ठरवून दिलेल्या जागी टाकावा. नाहीतर तुंबलेले पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते.

त्याआधी एक प्रश्न मात्र घरमालकाला विचारलाच पाहिजे: पंचनामा झाला का? तलाठी येऊन जाण्याआधी भिजलेले सामान फेकले तर नुकसानीचा पुरावाच जातो. पंचनामा लांबला असेल तर प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि खराब झालेल्या वस्तूंचे फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढून द्यावेत. आपल्या मोबाइलवर, मदत घेतानाचे त्यांचे फोटो काढू नयेत. ज्या बाईने काल परवापर्यंत दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही, तिला पिशवी हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावणे फार दुखावणारे असते.

कोणतीही वस्तू मालकाला दाखवल्याशिवाय टाकू नये. एका घरात आमच्यातल्या एका मुलाने चिखलाने भरलेली पत्र्याची ट्रंक बाहेरच्या ढिगावर नेऊन ठेवली, तेव्हा घरातल्या आजी अनवाणी तिच्यामागे गेल्या. ट्रंकेत सातबाऱ्याचे उतारे होते आणि लग्नातला फोटोंचा अल्बम होता. पुढचे दोन तास आम्ही फावडे बाजूला ठेवून तेच काम केले. फोटो स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत धरायचे, चिखल आपोआप सुटू द्यायचा, बोटाने घासायचे नाही, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वर्तमानपत्रावर पसरायचे. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत. ते पाण्यात राहू दिले तर बरेचदा हळूहळू सुटतात. कागद कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून वाळवावेत, उन्हात टाकू नयेत. फार कागद भिजले असतील आणि त्याच दिवशी वेळ नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोणाच्या तरी चालू फ्रीजरमध्ये ठेवले की बुरशी थांबते. आजींचे सगळे फोटो वाचले नाहीत. जे वाचले ते दोरीवर टाकलेल्या साडीच्या आडोशाला ठेवून त्या रात्रभर जाग्या राहिल्या, असे त्यांच्या सुनेने दुसऱ्या दिवशी सांगितले.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी पैसे द्यावेत, आणि त्यात कमीपणा मानू नये. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा ओळखीची नोंदणीकृत संस्था निवडावी. मोबाइलवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर मात्र खातरजमा केल्याशिवाय पैसे टाकू नयेत.

दोन-तीन आठवड्यांनी गाड्या यायच्या थांबतात, आणि दुकानदाराची खरी ओढाताण तेव्हा सुरू होते. चिपळूणच्या पुरानंतर पन्नासाव्या दिवशी गणेश चतुर्थी होती. अशा वेळी सणाची खरेदी मुद्दाम तिथल्या बाजारातून करावी, घासाघीस करू नये आणि जमले तर आगाऊ पैसे द्यावेत; उधारीवर पुन्हा माल भरलेल्या माणसाला गिऱ्हाइकाइतका दुसरा आधार नसतो. शाळा नियमित सुरू झाली की कोणत्या इयत्तेच्या किती मुलांची पुस्तके गेली, हे मुख्याध्यापकांना विचारून नेमके तेच संच पाठवावेत. आणि ज्या घरांत काम केले त्यांची नावे व फोन नंबर परत येण्याआधी वहीत लिहून घ्यावेत, म्हणजे महिन्याभराने एकेका घरी फोन करून पंचनाम्याचे पैसे जमा झाले का आणि भिंतींची ओल वाळली का, हे विचारता येते.