वाटी, शेर, कप आणि ग्रॅम : घरातलं माप एकदाच मोजून ठेवा

आधी एक काम करा. रोजच्या वापरातली स्टीलची वाटी घ्या, डिजिटल वजनकाट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा आणि वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली तुमची वाटी, कारण एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम धरायला हरकत नाही. माझी वाटी १६० भरली, म्हणजे व्हिडिओत सांगतात तो २४० मिलीचा कप म्हणजे माझी दीड वाटी. तुमची १०० ची असेल नाहीतर २०० ची, वाटी सगळीकडे सारखी नसते आणि घोळ इथूनच सुरू होतो.

मागच्या दिवाळीला पुण्याहून भाचीचा फोन, मावशी बेसनाचे लाडू सांग की. मी सांगितलं सात वाट्या बेसन अन् पावकिलो तूप, आमच्या घरी असंच ठरलेलं. तिची वाटी निघाली १०० मिलीची, तिने सात वाट्या घेतल्या पण तूप मात्र वजनाने बरोब्बर २५० ग्रॅम, मग काय, लाडू सगळे बसले. माझ्या वाटीने साडेचारशे ग्रॅमच्या आसपास बेसन होतं, तिच्या वाटीने तीनशेसुद्धा झालं नव्हतं. चूक तिची नाही, मी एकाच रेसिपीत दोन मापं सांगितली. तेव्हापासून माझा नियम असा, रेसिपी सांगताना एकतर सगळंच वाटीने सांगायचं नाहीतर सगळंच ग्रॅममध्ये. चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद असं सगळं एकाच भांड्याने असेल तर वाटी कुठलीही चालते, इडलीला ग्रॅम हुडकत बसायची गरजच नाही.

आता वजनाचं. एकाच कपात प्रत्येक जिन्नस वेगळा भरतो हे डोक्यात पक्कं बसायला पाहिजे. २४० मिलीच्या कपात साखर २०० ग्रॅम बसते, मैदा किंवा कणीक १२० ते १३०, बेसन शंभराच्या आतबाहेर, बारीक रवा १७० च्या आसपास, पिठीसाखर १२०, तांदूळ १९० च्या आसपास, तूप आणि तेल साधारण २२०. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरचं वजन १०३० ग्रॅम. तेल हलकं, पिशवीवर नीट बघा, लिटरच्या बाजूला ९१० ग्रॅम छापलेलं असतं. म्हणून एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल असं धरू नका, तळणीला फरक पडत नाही पण मोहन मोजून घालायचं असेल तर पडतो.

पिठाचं मात्र जपून. डब्यात वाटी खुपसून दाबून काढली की कपाला १४०-१५० ग्रॅम येतं आणि चाळून चमच्याने भुरभुरत भरलं की १२०. वाटी ओट्यावर आपटायची नाही, वर आलेलं पीठ सुरीच्या पाठीने सपाट करायचं. केक, नानकटाई करणार असाल तर पीठ वजनानेच घ्या, माझं हे ठाम मत आहे. भाकरीला कुणी मोजत नाही, तिथे हातच माप.

गुळाला तर वाटी लावूच नका. ढेपेचा फोडलेला, किसलेला, पावडरचा, प्रत्येक वेळी वाटीत वेगळा बसतो, खड्यांच्या मधे नुसती हवा. गोकाकसारखा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची गुळातली वडी, घरी करायचा म्हणून गूळ वाटीने घेतला तर एकदा चिकट अन् एकदा दगड. तूप पातळ आहे की थिजलेलं हेही बघायला लागतं, थिजलेलं चमच्याने काढताना मधे पोकळी राहते, वजन केलं की तो प्रश्नच मिटतो.

सोडा, बेकिंग पावडर, मीठ, वेलदोड्याची पूड यांच्यासाठी मात्र काटा नको. घरातला काटा दोन-चार ग्रॅमला भरवशाचा नसतो, तिथे ५ मिलीचा टीस्पून आणि १५ मिलीचा टेबलस्पून. ऑस्ट्रेलियन रेसिपीत टेबलस्पून २० मिलीचा असतो एवढं लक्षात ठेवा. खडेमीठ आणि बारीक मीठ चमच्याला चमचा बदलू नका, बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं.

सासूबाईंच्या वहीत सगळं शेर-पावशेर. तिथे आधी बघायचं की शेर वजनाचा की मापाचा. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, त्या हिशोबाने पावशेर २३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, नंतर बाजारात पावशेर म्हणजे सरळ २५० ग्रॅम झाला. तोळाही तसाच, जुना ११.६६ ग्रॅमचा, आता सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतात. मापाचा शेर वेगळाच, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि हे गावागणिक थोडं बदलायचं. शेजारच्या कन्नड आक्का त्यालाच सेरु म्हणतात. घरात जुनं चिपटं असेल तर ते पाण्याने मोजा, तुमच्या वहीचा खरा आकडा तोच.

एका रविवारी बसून वाटीभर मैदा, रवा, बेसन, साखर असं एकेक करून वजन करा आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग ५०० ग्रॅम मैदा पाहिजे आणि काट्याची बॅटरी गेलीय, तरी अडत नाही. माझी मैद्याची वाटी ८५ ग्रॅमची, ५०० ला ८५ ने भागलं की सहाला जरा कमी वाट्या.

कुंदा, म्हणजे दूध आटवून करतात ती बेळगावची मिठाई, करताना हेच उलटं वापरा. रिकाम्या कढईचं वजन आधी लिहून ठेवा, दूध आटत आलं की काट्यावर लाकडी पाट ठेवून, शून्य करून, मग गरम कढई ठेवा. एक लिटर दूध तिसऱ्या हिश्शावर आलं की कढईच्या वजनावर साडेतीनशेच्या आसपास ग्रॅम दिसतात, साखर त्यानंतर घाला, आधी घातली तर तिचंही वजन त्यात धरावं लागतं.