आयजीसी फाइल वाचायला शिकताना

हडपसरला ग्लायडरची, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाची, पहिली उड्डाणं विंचवरून (दोराने ओढून वर चढवणाऱ्या यंत्रावरून) केली तेव्हा लॉगबुकात वेळ लिहिली की विषय संपायचा. पुढे शिकायला जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले, तर क्लबच्या ग्लायडरमध्ये फ्लार्म. टक्कर टाळायला बसवलेली ही डबी उड्डाणाची नोंदही ठेवते. जर्मनीचं विमान अपघात तपास कार्यालय याच शहरात आहे. अशा नोंदींवरून उड्डाणात काय घडलं ते शोधायचं वेड मला इथेच लागलं.

ही नोंद आयजीसी नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते; ती नोटपॅडमध्येही उघडते. ‘बी’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक क्षण: वेळ, अक्षांश, रेखांश आणि दोन उंच्या, आधी हवेच्या दाबावरून काढलेली, मग जीपीएसची. वेळ स्थानिक नसते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. दाबाची उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून मोजलेली असते; त्या दिवशी दाब १०ने कमी असेल तर फाइल तुम्हाला सुमारे ८० मीटर जास्त वर दाखवते.

माझी फजिती मात्र वेगावर झाली. शिक्षकांनी सरावाला एक फाइल दिली, दर सेकंदाला एक नोंद असलेली. शेवटच्या वळणात शिरताना वेग ताशी ११० किलोमीटर. मी लिहिलं, ‘वेग पुरेसा’. त्यांनी एवढंच विचारलं, “आणि वारा?”

फाइलमधला वेग जमिनीच्या हिशेबाने असतो. वारा शोधायचा तर आधीच्या थर्मलमधले, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत ग्लायडरने घेतलेले, गोल बघायचे. ते ज्या बाजूला सरकत जातात तिकडे वारा वाहतोय. इथे तो मागून ३० होता. म्हणजे पंखांना मिळालेले ८०. वारा वजा करून पुन्हा बघितलं, तर दिशा सेकंदाला २५ अंशांनी बदलत होती. त्या वेगाला याचा अर्थ ग्लायडर बाजूला ४५ अंश कललेलं. सरळ उडताना ६८ला स्टॉल होणारं, म्हणजे पंखांची उचल कोसळणारं, ग्लायडर इतक्या कलात ८१लाच स्टॉल होतं. माझं ‘पुरेसा’ मी गुपचूप खोडलं.

हीच नोंद दर चार सेकंदांनी असती तर अख्खं वळण दोन ठिपक्यांमध्ये हरवलं असतं, आणि सॉफ्टवेअरने त्यावरून सरळ रेघ ओढली असती. त्या रेघेवर विश्वास ठेवू नका. पंखांचा हवेशी असलेला कोन, स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) कुठे होती, पायलट कुठे बघत होता, यातलं काहीच त्या ओळींत नसतं.

नवख्यांनी अपघाताच्या फाइलींपासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. स्वतःच्या घ्या. उतरल्यावर फाइल उघडण्याआधी कागदावर लिहा: वळण किती उंचीवर घेतलं, वेग किती होता. मी छातीठोकपणे १५० मीटर लिहिलं होतं, निघाले ११०. तेव्हापासून साक्षीदारांच्या जबान्या मी जरा प्रेमाने वाचते.

आणि कधी खरा अपघात समोर आलाच, तर माणसं वाचवून झाल्यावर रेकॉर्डरला हात लावू नका. पुन्हा चालू करून ‘चालतोय का’ बघणं तर नकोच. शेवटचे सेकंद कधीकधी अर्धवट लिहिलेल्या फाइलमध्ये अडकलेले असतात, ते काढणं तपास करणाऱ्यांवर सोडा.