चिनी विद्यार्थ्याकडून इंग्रजी श्रवण-वाचनाची तयारी कशी करून घ्यावी

चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली आपली मुलं, शांघाय-सिंगापूरला नोकरी करणारे मराठी लोक किंवा ऑनलाइन शिकवणी घेणारे शिक्षक यांच्यासमोर हा प्रसंग हमखास येतो: चिनी मित्र किंवा विद्यार्थी म्हणतो, "मला इंग्रजीत मदत कर." बहुतेकांच्या डोक्यात असते ती सीईटी-४, म्हणजे चीनमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 'कॉलेज इंग्लिश टेस्ट'ची चौथी पातळी. आपल्याकडच्या सीईटीशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. १९८७ पासून चालू असलेली ही परीक्षा आता जून आणि डिसेंबरमध्ये होते. एकूण गुण ७१०, आणि ४२५ मिळाले की निभावलं असं मानतात. ७१० पैकी श्रवणाला सुमारे २४९ आणि वाचनालाही तेवढेच गुण असतात. निबंध आणि भाषांतर मिळून उरलेले २१२. म्हणजे सत्तर टक्के खेळ ऐकण्या-वाचण्याचा आहे.

"रोज बातम्या ऐक, पेपर वाच" हा सल्ला आपण सहज देतो. चिनी भाषकाच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही, कारण त्याची अडचण ठरावीक जागी असते: शब्दाच्या शेपटीला, बारीकसारीक शब्दांत आणि नामाच्या मागे लागणाऱ्या लांबलचक विशेषणांत. सराव तिथेच करून घ्यायचा.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतली एक बातमी घ्या, साधारण मिनिटभराची. विद्यार्थ्याला ती एकदाच ऐकवा आणि कळलं ते त्याच्या भाषेत सांगायला लावा. मग त्याच बातमीची छापील संहिता हातात द्या. वाचून लख्ख कळली, पण ऐकून कळली नव्हती, तर दोष कानाचा. वाचूनही कळली नाही, तर शब्दसंग्रह किंवा वाक्यरचना कच्ची आहे, आणि अशा वेळी तासन्‌तास ऐकवून काही हाती लागत नाही. शंभर शब्दांत पाचांहून जास्त शब्द अनोळखी निघाले तर तो मजकूर सध्या बाजूला ठेवा.

चिनी विद्यार्थ्यांत पहिला प्रकार जास्त दिसतो. शाळेत त्यांनी शब्द पाठ केलेले असतात ते डोळ्यांनी. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीतला 'अबॅन्डन' हा शब्द तिकडे विनोदाचा विषय आहे, कारण पाठांतर तिथून सुरू होतं आणि पुष्कळदा तिथेच थांबतं.

कानाचा सराव: एक मिनिट, अर्धा तास

चिनी विद्यार्थी दोन शब्द वापरतात: 'जिंगथिंग' म्हणजे बारकाईने ऐकणं आणि 'फानथिंग' म्हणजे सैलसर ऐकणं. गुण वाढतात ते पहिल्याने. पद्धत अशी:

१. पूर्ण तुकडा एकदा ऐकायचा. हातात कागद नाही, पडद्यावर अक्षरं नाहीत.

२. मग एकेक वाक्य थांबवून ऐकायचं आणि पेन्सिलीने जसंच्या तसं लिहायचं. एका वाक्याला जास्तीत जास्त चार वेळा. तरी ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडायची. अंदाजाने भरलेली जागा चूक लपवते, म्हणून ती रिकामीच बरी.

३. संहिता घेऊन लाल पेनाने तपासायचं. फक्त चूक-बरोबर नाही, प्रत्येक चुकीपुढे तिची जात लिहायची: शेपूट गेली, बारीक शब्द गेला, आकडा चुकला, की शब्दच माहीत नव्हता.

४. संहितेवर नजर ठेवून पुन्हा ऐकायचं आणि त्याच वेगाने मागोमाग मोठ्याने म्हणायचं, तीनदा.

५. दुसऱ्या दिवशी काहीही न बघता एकदा ऐकायचं.

मिनिटभराच्या ध्वनिमुद्रणाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. आठवड्यातून पाच दिवस एवढं पुरे. वेग ०.७५ च्या खाली आणू नका. आवाज ताणला जातो, पण गिळलेली अक्षरं काही परत येत नाहीत. त्यापेक्षा तेच वाक्य फिरवून ऐकवा. आणि चिनी सबटायटल्स लावून मालिका बघणं हा चिनी वाचनाचा सराव आहे, हे एकदा स्पष्ट सांगून टाका.

लाल पेनाला काय सापडेल

समजा वाक्य आहे: 'शी वर्क्ड ॲट अ बँक फॉर टेन यिअर्स.' विद्यार्थ्याच्या कागदावर बहुधा उमटेल: 'शी वर्क ॲट बँक फॉर टेन यिअर.' तीन गोष्टी गळल्या: वर्क्डचा शेवट, 'अ', आणि यिअर्सचा 'स'. हा निष्काळजीपणा नव्हे. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षराच्या शेवटी 'न', 'ङ' आणि उत्तरेकडच्या बोलीतला 'र' एवढीच व्यंजनं येतात, जोडाक्षरांचा गुंता नाही. शिवाय क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि वस्तूंच्या नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. त्यामुळे तिथे ऐकण्यासारखं काही असतं, याची कानाला सवयच नसते. आपल्या कानाला 'गेलं', 'जातं', 'गेले' हे भेद लहानपणापासून ओळखीचे आहेत, म्हणून ही अडचण आपल्या पटकन लक्षात येत नाही.

उपाय: 'वर्क्ड ॲट अ' हे तीन शब्द सुटे न शिकवता 'वर्क-टॅ-ट' असं जोडून शिकवा. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला चिकटलं की ते त्या अक्षराच्या सुरुवातीला येतं, आणि सुरुवातीचं व्यंजन चिनी कानाला व्यवस्थित ऐकू येतं. आधी विद्यार्थ्याच्या तोंडून असं जोडून म्हणवून घ्या. ज्याला ते उच्चारता येतं, त्याला पुढच्या चार-पाच वेळांत ते ऐकूही येऊ लागतं.

'कॅन' आणि 'कान्ट' यांच्यात अमेरिकन उच्चारात भलताच घोळ होतो. विद्यार्थी 'ट' ची वाट बघतो आणि तो 'ट' गिळलेला असतो. त्याला स्वर ऐकायला सांगा. होकारी वाक्यात तो शब्द आखडून 'कन' होतो, नकारी वाक्यात स्वर पुरा आणि ठाशीव, 'कॅन्'. म्हणजे ठसका ऐकू आला तर नकार.

'ऑफ', 'टु', 'हॅव', 'फॉर' हे शब्द वाक्यात अर्धमेले होतात. 'शुड हॅव' चं 'शुडव' होतं. हे समजावताना विद्यार्थ्याच्याच भाषेतलं उदाहरण द्या: उत्तरेकडच्या मँडरिनमध्ये 'मामा' म्हणजे आई, आणि त्यातला दुसरा 'मा' सूर हरवून हलका होतो. इंग्रजी निम्म्याहून जास्त शब्दांना असंच वागवते, एवढं सांगितलं की चेहरा उजळतो. दक्षिणेकडच्या किंवा तैवानच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण तितकं भिडणार नाही, कारण तिकडे हलका सूर कमी वापरतात.

मुळात 'चिनी विद्यार्थी' असा एक साचा नाही. सिचुआन किंवा हूनान प्रांतातल्या मुलाला 'नाइट' आणि 'लाइट' सारखेच वाटू शकतात. ग्वांगडोंगच्या कँटोनीज भाषकाच्या बोलीत शब्दान्ती 'प', 'ट', 'क' असतात, त्यामुळे एकेरी शेवट त्याला मँडरिन भाषकापेक्षा सोपे जातात. त्याचं अडतं ते 'क्स्ट', 'स्क्स' अशा गर्दीत. कोणत्या गावचा ते पहिल्याच दिवशी विचारा.

बोलीभाषेत 'तो' आणि 'ती' दोन्हींसाठी चिनीत 'ता' हा एकच उच्चार आहे. लांब संभाषणात 'ही' कोण आणि 'शी' कोण याचा धागा सुटतो, आणि प्रश्न नेमका 'पुरुष काय म्हणाला' असा येतो. कागदावर दोन रकाने आखून नोंदी घ्यायला लावा.

आकडे वेगळे घोटून घ्या

चिनीत मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते. दहा हजार म्हणजे एक 'वान', आणि दहा हजार वान म्हणजे एक 'यी', आपले दहा कोटी. इंग्रजी मिलियन म्हणजे शंभर वान, बिलियन म्हणजे दहा यी. 'वन पॉइंट थ्री बिलियन' ऐकल्यावर डोक्यात 'तेरा यी' होईपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. इथे मराठी शिक्षकानेही सावध राहावं. आपल्याला लाख-कोटीची सवय, तेव्हा स्वल्पविराम १,२०,००० असा पडतो आणि विद्यार्थी आणखी गोंधळतो. शिकवताना १२०,००० असंच लिहा.

रोज पाच मिनिटांत वीस आकडे म्हणा, त्याने ते फक्त अंकात लिहायचे, 'थाउजंड' ऐकताच स्वल्पविराम टाकायचा. चिनीत उलथा करायचा नाही. 'थर्टीन' आणि 'थर्टी' मध्ये शेवटचा 'न' पकडायला शिकवा. आघातावर भरवसा ठेवू नका, 'थर्टीन पीपल' म्हणताना तो पहिल्या अक्षरावर सरकतो. 'न' मात्र मँडरिनमध्येही शब्दान्ती असतो, त्यामुळे तो ऐकू येतो.

देशांच्या नावांचं असंच. स्वित्झर्लंड चिनीत 'रुईशी', स्वीडन 'रुईदिएन', ग्रीस 'शीला'. छापील मजकुरात मोठ्या अक्षरावरून निदान हे नाव आहे एवढं कळतं, कानाला तीही सोय नाही. पन्नासेक देश-शहरांची यादी करून फक्त ऐकवा.

वाचन: उलटं वाचायची खोड

इथे मराठी माणसाला घरचा फायदा आहे. हे वाक्य बघा: 'द मॅन हू सोल्ड मी द कार दॅट ब्रोक डाउन येस्टर्डे हॅज लेफ्ट टाउन.' मराठीत आपण म्हणू, 'काल बंद पडलेली गाडी मला विकणारा माणूस गाव सोडून गेला.' चिनी क्रमही जवळपास हाच: आधी विशेषण, मग नाम. म्हणून चिनी विद्यार्थी वाक्याच्या टोकापर्यंत जातो, तिथून मागे येत येत अर्थ लावतो, आणि मग पुन्हा पुढे जातो. प्रत्येक वाक्य तीनदा वाचल्यावर परीक्षेत वाचनाला मिळणारी चाळीस मिनिटं कशी पुरणार?

सरावासाठी रोज अशी पाच लांब वाक्यं घ्या. तिरक्या रेघांनी तुकडे पाडा: द मॅन / हू सोल्ड मी द कार / दॅट ब्रोक डाउन येस्टर्डे / हॅज लेफ्ट टाउन. प्रत्येक तुकड्यापाशी थांबून त्याने छोटा प्रश्न विचारायचा आणि पुढच्या तुकड्यात उत्तर शोधायचं. माणूस, कोणता? गाडी विकणारा. गाडी कोणती? काल बंद पडलेली. बरं, मग त्याचं काय? मागे जायचं नाही. नजर मागे पळत असेल तर वाचून झालेला भाग पोस्टकार्डाने झाकत चला.

दुसरा सापळा 'द कार सोल्ड लास्ट वीक वॉज स्टोलन' अशा वाक्यांचा. 'सोल्ड' हेच मुख्य क्रियापद समजून विद्यार्थी पुढे निघतो आणि 'वॉज' ला धडकतो. चिनीत क्रियापदाचं रूप बदलत नसल्याने 'विकली' आणि 'विकलेली' यांतला फरक रूपावरून ओळखायची सवय त्याला नसते. नियम द्या: एका वाक्यात दोन क्रियापदं दिसली आणि मध्ये जोडणारा शब्द नाही, तर त्यातलं एक खोटं. 'वॉज', 'हॅज', 'विल' अशांपैकी काही दिसलं तर मुख्य क्रियापद बहुधा तिथे.

तिसरी गोष्ट लहान आहे. आपल्या 'जरी-तरी' सारखी चिनीतही उभयान्वयी अव्ययांची जोडी असते. इंग्रजीत 'ऑल्दो' आलं की 'बट' येत नाही, आणि वाक्य कुठे वळलं ते विद्यार्थ्याला कळत नाही. 'ऑल्दो' भोवती गोल करून पुढचा स्वल्पविराम शोधायला लावा, वळण तिथे असतं.

शब्दांबाबत एकच सूचना: 'ॲड्रेस', 'कव्हर', 'इश्यू' असे ओळखीचे शब्द अनोळखी अर्थाने येतात, आणि यादीतून पाठ केलेला एकच चिनी अर्थ तिथे दगा देतो. शब्द सुटा लिहू नये, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावं.

चाळीस मिनिटांची वाटणी

वाचनाचे तीन भाग. पहिल्यात पंधरा शब्दांतून दहा निवडून गाळलेल्या जागा भरायच्या, प्रत्येक जागा अर्धा टक्का. दुसऱ्यात दहा विधानं कोणत्या परिच्छेदातली ते ओळखायचं, प्रत्येकी एक टक्का. तिसऱ्यात दोन उतारे, दहा प्रश्न, प्रत्येकी दोन टक्के. बहुतेक मुलं पहिल्या भागापासून सुरू करतात आणि सगळ्यात स्वस्त गुणांवर पंधरा मिनिटं घालवतात. क्रम उलटा करा: आधी दोन उतारे, प्रत्येकी दहा मिनिटं, मग विधानांना बारा-तेरा, आणि उरलेल्या वेळात गाळलेल्या जागा. विधानांच्या भागात आधी विधानंच वाचावीत आणि त्यातली नावं, आकडे, वर्षं अधोरेखित करून ती मजकुरात शोधावीत.

श्रवणातही भाव सारखा नाही. पंचवीस मिनिटांत पंचवीस प्रश्न. बातम्यांचे सात आणि संभाषणांचे आठ, प्रत्येकी एक टक्का. शेवटच्या तीन उताऱ्यांचे दहा, प्रत्येकी दोन टक्के. सगळं एकदाच ऐकवतात. कागदावर फक्त पर्याय छापलेले असतात, प्रश्न उतारा संपल्यावर कानानेच ऐकायचा असतो. म्हणून सूचना चालू असताना पुढचे पर्याय वाचून ठेवायची सवय लावा. थकवा नेमका महागड्या उताऱ्यांच्या वेळी येतो, तेव्हा शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा पंचवीस मिनिटं न थांबता ऐकवा.

सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांसाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाचं १९५९ मध्ये सुरू झालेलं, सुमारे पंधराशे शब्दांच्या मर्यादेतलं संथ इंग्रजी चांगलं. शब्दांचे शेवट त्यात स्वच्छ ऐकू येतात. त्यापुढे मात्र जुन्या प्रश्नपत्रिकांवर या, नाहीतर कान संथपणालाच सोकावतो.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. श्रवण संपताच पहिली उत्तरपत्रिका काढून घेतात, म्हणून "उत्तरं नंतर भरतो" चालत नाही. घरी सराव करतानाही ऐकता ऐकताच गोल काळे करायला लावा. आणि बऱ्याच विद्यापीठांत ध्वनी एफएमवरून येतो, हेडफोन विद्यार्थ्याने स्वतः आणायचा असतो. त्याच हेडफोनवर आदल्या आठवड्यात दोन पूर्ण सराव करून घ्या, आणि बॅटरी नवीन घाला.