वळवाआधीची खाण

पावसाळ्याची तयारी मृगापर्यंत, म्हणजे ७ जूनच्या आसपास उरकली की झालं, असं पुष्कळ जण धरून चालतात. साताऱ्याकडच्या दगडखाणीवर हा हिशेब फसतो. पहिला दणका वळवाचा, एप्रिल-मेमध्येच. आणि तेव्हा क्रशरची डस्ट (खडी फोडताना पडणारी भुकटी), सुटा मुरूम, रस्त्यावरचा फुफाटा सगळं मोकळं पडलेलं असतं. म्हणून मातीकाम मार्चअखेर हाती घ्यावं.

सुरुवात खाणीत नको, खाणीच्या वरच्या अंगाला करा. डोंगरावरचं स्वच्छ पाणी खाणीत शिरलंच नाही, तर खालची निम्मी कामं हलकी होतात. माथ्याच्या कडेपासून चांगलं मागे सरकून चर काढा, पण जेसीबीवाल्याला नुसतं ‘चर काढ’ म्हणून निघून जाऊ नका. माण-खटावात पाणलोटाच्या कामांमुळे समतल चर, म्हणजे बिनउताराचा आडवा चर, सगळ्यांच्या हातात बसलाय, जेसीबीवालाही तोच काढेल. समतल चर पाणी अडवतो, जिरवतो. शिवारात ते हवंच, पण खाणीच्या कडेमागे जिरलेलं पाणी कातळाच्या फटींत शिरतं आणि बेंच (खाणीत कापलेली पायरी) ढिली करतं. इथे चराला शंभर फुटांना फूटभर तरी उतार द्या आणि तो ओढ्याकडे काढा. तोंडाशी मोठे दगड पसरा, नाहीतर धार पडून खड्डा होतो आणि ओघळ उलटी वर खात येते.

चर झाला की कडा बघा. कडेपासून ३ मीटरच्या आत सुटा दगड, झाड किंवा ढिगारा नको, आणि मुरमाच्या थरात बेंच दीड मीटरपेक्षा उंच नको; मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ मध्ये हे स्पष्ट आहे. मुरमाची उभी कड उन्हाळ्यात भिंतीसारखी ठणठणीत दिसते, तिच्यावर विसंबू नका.

आता खाणीतलं गढूळ पाणी. ते ओढ्यात जाण्याआधी हौदात थांबवून गाळ बसू द्यायचा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. दोन हेक्टरच्या खाणीवर तासात ५० मिलिमीटर कोसळला तर १० लाख लिटर, आणि कातळावर जिरतं फार थोडं. ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद, २ मीटर खोल हौद सरळ बाजूंचा धरला तरी ९ लाखच घेतो. म्हणजे सांडवा लागणारच. त्याला दगडांचं पिचिंग, म्हणजे दगड बसवून केलेलं अस्तर, असावं. पाणी येण्याचं आणि जाण्याचं तोंड समोरासमोरच्या टोकांना ठेवा, मध्ये आडवी भिंत घाला. रेती लगेच बसते, चिकणमाती तासन्‌तास तरंगते. तिला जितका लांब रस्ता मिळेल तितकं बरं. गेल्या वर्षीचा गाळ आधीच उपसा, आणि उपसलेला गाळ हौदाच्या काठावर टाकू नका. पहिल्या सरीत तो परत आत येतो. (हे सांगावं लागतं, हेच नवल.)

मुरमाच्या ढिगाच्या पायथ्याशी कोरडी दगडी रचाई करा. वरची सुपीक माती वेगळी ठेवून तिच्यावर हरळी लावा, उतारावर पाऊस लागताच वाळ्याचं गवत. रस्त्याच्या चढावर तिरक्या नाल्या पाडा. पंपाची मोटर पाण्यात सोडून चालवून बघा, डिझेलची टाकी उंचावर घ्या.

खालच्या शेतकऱ्याला मात्र पावसाआधी भेटा. कोरेगावकडे आल्याच्या सऱ्या ओढ्याला लागून असतात, आणि डस्टचा थर बसला की जमिनीत पाणी मुरत नाही, कंद कुजतो. ओढा त्याच्या बांधाला कुठे घासतो, कुठल्या मोरीत तुंबतो, हे नकाशापेक्षा त्याला नेमकं ठाऊक असतं. त्याच्यासोबत ओढ्यातून चालत जा आणि चराचं तोंड त्यानंतरच पक्कं करा.

जूनची कामं झाली म्हणून यादी गुंडाळू नका. महाबळेश्वर-पाटणच्या पट्ट्यात जुलैचा पाऊस खरा, पण पूर्वेकडे सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊसच जास्त घातक. ऑगस्टअखेर उघडीप मिळाली की हौद पुन्हा उपसायचा, आणि त्यासाठी पोकलेन आत्ताच सांगून ठेवायचं.