संसर्ग झालेल्या मेंदूतल्या टी पेशी मोजताना आणि पाहताना या चुका टाळा

परफ्युजन, म्हणजे सलाइन सोडून वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं, नीट झालंय की नाही, हे उंदराचं यकृत सांगतं. सुई हृदयाच्या लेफ्ट व्हेंट्रिकलमध्ये बसली, राइट एट्रियमला छेद दिला आणि थंड सलाइन सोडलं, की लालभडक यकृत एकेका खंडाने फिकं पडत जातं आणि शेवटी मातकट दिसायला लागतं. सुई मधला पडदा भेदून उजवीकडे गेली तर फुप्फुसं पांढरी होऊन फुगतात, नाकातून पाणी येतं आणि यकृत लाल ते लालच राहतं.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी असा एक उंदीर मी ‘चालेल’ म्हणून पुढे घेतला. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊन त्याला चार आठवडे झाले होते. मेंदूतल्या टी पेशींचा (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडा इतका घसघशीत आला की मी तो आनंदाने लॅब मीटिंगमध्ये दाखवला. गाइड मॅडमनी एकच विचारलं, “या पेशी मेंदूत आहेत, की मेंदूतल्या रक्तात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायला लागल्यावर लक्षात आलं, की या विषयातल्या बहुतेक चुका याच प्रश्नाला बगल दिल्यामुळे होतात. पेशी किती आहेत हे आपण मोजतो, त्या उभ्या कुठे आहेत हे विचारत नाही.

‘मेंदूत प्रतिकारपेशी जातच नाहीत’ असं धरून चालणं

याचं मूळ पीटर मेडावर यांच्या १९४८ च्या प्रयोगांत आहे. सशाच्या मेंदूत लावलेला परका त्वचेचा तुकडा लगेच नाकारला जात नव्हता. पण त्याच सशाला आधी शरीरावर दुसरीकडे तशीच त्वचा लावून तयार केलं असेल, तर मेंदूतला तुकडाही टिकत नव्हता. म्हणजे जागी झालेली टी पेशी मेंदूपर्यंत पोचते, हे तेव्हाच दिसलं होतं. पाठ्यपुस्तकांतून मात्र पहिलं अर्धंच वाक्य पुढे आलं. २०१५ मध्ये उंदराच्या मेंदूवरच्या आवरणांत लसीकावाहिन्या (प्रतिकारपेशी वाहून नेणाऱ्या नळ्या) असल्याचं दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, तरी हे अर्धं वाक्य अजून परीक्षेत लिहिलं जातं.

रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर फुटला म्हणजे पेशी आत आल्या, असं समजणं

ही चूक चांगल्या चांगल्या प्रबंधांत दिसते. रक्तात रंग टोचायचा, मेंदू निळा झाला की ‘अडसर फुटला, म्हणून पेशी घुसल्या’ असं लिहून मोकळं व्हायचं. रंग गळणं आणि पेशी आत शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशी प्रामुख्याने केशवाहिन्यांच्या पुढच्या बारीक शिरांमधून बाहेर पडतात, आणि अडसर शाबूत असतानाही पडू शकतात. वाहत्या रक्तात त्या शिरेच्या भिंतीला घासत गडगडतात, भिंतीवरचे केमोकाइन (पेशींना बोलावणारी प्रथिनं) त्यांना थांबवतात, मग पेशीवरचं व्हीएलए-४ हे प्रथिन भिंतीवरच्या व्हीसीएएम-१ या प्रथिनाला घट्ट धरतं आणि पेशी पलीकडे जाते.

पण पलीकडे लगेच मेंदू नाही. तिथे रक्तवाहिनीभोवतीची एक चिंचोळी जागा असते आणि तिच्या पलीकडे अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींच्या पायांनी बांधलेली दुसरी भिंत. वाड्याचा दिंडी दरवाजा ओलांडून माणूस देवडीत आला, तरी तो माजघरात पोचलेला नसतो, तसंच हे. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार उंदरात घडवतात, तेव्हा टी पेशी या देवडीत गर्दी करून थांबलेल्या दिसतात आणि दुसरी भिंत ओलांडल्यावरच उंदराचे पाय लुळे पडायला लागतात. ही भिंत उघडायला एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइमं लागतात.

पहिलाच दरवाजा बंद केला तर काय होतं, हे माणसांत दिसलं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं नॅटालिझुमॅब हे औषध व्हीएलए-४ ची पकड अडवतं. २००४ च्या अखेरीस त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त असणारा जेसी विषाणू उफाळला होता. २००६ मध्ये कडक देखरेखीखाली ते परत आलं. शरीरात टी पेशी होत्या, पण त्या पहाऱ्याच्या जागी पोचत नव्हत्या.

मोजणीतल्या चुका

परफ्युजनबद्दल वर सांगितलंच. यकृत आणि मेंदूवरच्या वाहिन्या दोन्ही फिक्या झाल्या नसतील, तर तो उंदीर मोजणीतून काढा. वहीत कारण लिहा, पण काढाच.

परफ्युजन उत्तम झालं तरी भिंतीला घट्ट चिकटलेल्या पेशी धुऊन जात नाहीत. त्यासाठी उंदीर मारण्याआधी तीनेक मिनिटं शेपटीच्या शिरेतून सीडी४५ ला (पांढऱ्या पेशींवरच्या प्रथिनाला) चिकटणारं रंगीत प्रतिपिंड टोचा. रक्तातल्या पेशी रंगतात, ऊतकातल्या रंगत नाहीत. या कामातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित युक्ती आहे. पण रंग न लागलेली पेशी देवडीत आहे की माजघरात, हे या युक्तीवरून कळत नाही. त्यासाठी मेंदूचे काप घेऊन लॅमिनिन हे भिंतींमधलं प्रथिन रंगवावं लागतं, म्हणजे दोन्ही भिंतींच्या रेषा दिसतात आणि पेशी त्यांच्या मध्ये आहे की बाहेर ते डोळ्यांनी पाहता येतं. उंदरांतल्या सेरेब्रल मलेरियात तर घातक सीडी८ पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी) मुख्यतः रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीलाच बसलेल्या असतात. तिथे ‘मेंदूत किती शिरल्या’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

मेंदू विरघळवताना ट्रिप्सिन वापरू नका, ते पृष्ठभागावरची प्रथिनं खातं. मग रिसेप्टर ‘गायब’ झाल्याचा शोध लागतो! परकॉल या दाट द्रवावर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर वर साय धरल्यासारखा मायलिनचा (चेतातंतूंवरच्या चरबीचा) थर येतो. तो पिपेटने आधी पूर्ण काढा, घाई केली तर तो खाली उतरतो आणि फ्लो सायटोमेट्रीत (लेझरने एकेक पेशी मोजताना) ढगच ढग दिसतात.

मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच प्रतिकारपेशी) आणि रक्तातून आलेले मोनोसाइट केवळ सीडी४५ च्या कमी-जास्तपणावरून वेगळे करणं निरोगी मेंदूत बऱ्यापैकी चालतं. संसर्गात मायक्रोग्लियाचं सीडी४५ वाढतं आणि आलेखावरचे दोघांचे ढग एकमेकांत शिरतात. मग लोक बोन मॅरो चिमेराकडे, म्हणजे उंदराची अस्थिमज्जा रेडिएशनने मारून खुणेची दुसरी बसवण्याकडे, वळतात. तिथे फसगत मोठी आहे. चिमेरा करायला दिलेलं रेडिएशन स्वतःच मेंदूचा दरवाजा किलकिला करतं, आणि एरवी न येणाऱ्या पेशी आत येतात. डोकं शिशाने झाका किंवा दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडून तपासा.

हालचाल पाहताना

टू-फोटॉन मायक्रोस्कोपखाली जिवंत मेंदूत टी पेशी फिरताना पहिल्यांदा पाहिली, तो दिवस मी विसरलेलो नाही. हिरवा ठिपका लांबट होतो, पुढे सरकतो, अडतो, तोंड वळवतो आणि निघतो. पण हा देखावा फार लवकर फसवतो.

मेंदू दिसावा म्हणून कवटीत खिडकी कशी केली ते आधी पाहा. कवटीचा तुकडा पूर्ण काढला तर खालचे मायक्रोग्लिया त्या जखमेनेच चिडतात. कवटी घासून पातळ केली तर त्रास बराच कमी होतो. मेंदूचा ताजा काप घेत असाल तर ३७ अंश तापमान आणि सतत ऑक्सिजन हवाच, आणि कापलेल्या कडेजवळच्या पेशी मोजू नका. खिडकी कोणतीही असो, नजर काही शे मायक्रोमीटरपर्यंतच जाते, त्यामुळे कॉर्टेक्सच्या वरच्या थरात दिसलेलं ‘मेंदूत असं होतं’ म्हणून लिहू नका.

सगळ्या पेशी एकाच वेळी एकाच दिशेला निघाल्या तर आनंदून जाऊ नका. मेंदू सरकला असेल. रक्तवाहिनी किंवा न हलणारी पेशी धरून दुरुस्ती करा. सगळ्या पेशी हळूहळू गोल होऊन थांबल्या, तर लेझर कमी करा आणि तापमान तपासा.

आता वाटांचं गणित. इथे मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण चांगला डेटा इथेच वाया जातो. वेगवान पेशी चौकटीतून लवकर बाहेर पडते, म्हणून तिची वाट छोटी नोंदली जाते. रेंगाळणारी पेशी पूर्ण वेळ दिसते. तुम्ही फक्त लांब वाटा निवडल्या तर आळशी पेशीच निवडल्या! फोटोंमधलं अंतर जास्त ठेवलं तर सरळ धाव आणि वळण यांतला फरकच पुसला जातो.

शिवाय सरासरी वेग म्हणजे चालण्याची पद्धत नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये टोक्सोप्लाझ्मा झालेल्या उंदरांत दाखवलं, की सीडी८ पेशी मेंदूत लेव्ही पद्धतीने फिरतात. बऱ्याच छोट्या हालचाली, मध्ये थांबे आणि अधूनमधून एक लांब धाव. विरळ पसरलेलं भक्ष्य शोधणारे काही प्राणीही असेच फिरतात, आणि चेतापेशींमध्ये लपलेल्या परजीवीसाठी ही पद्धत साध्या भटकण्यापेक्षा लवकर फळते. सीएक्ससीएल१० हा केमोकाइन अडवला तेव्हा पेशी मंदावल्या, पण चालण्याची धाटणी तीच राहिली. म्हणजे तो पेशीला बोट धरून परजीवीकडे नेत नव्हता, तिचा वेग वाढवत होता. फक्त सरासरी काढून थांबलं असतं, तर ‘सीएक्ससीएल१० वाट दाखवतो’ असं सहज लिहिलं गेलं असतं.

जास्त पेशी म्हणजे चांगलं, हा समज

एलसीएमव्ही या उंदरांच्या विषाणूच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणांच्या दाहात) उंदीर मरतो तो टी पेशींनी विषाणूबाधित पेशी मारल्यामुळे, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. २००९ मध्ये दिसलं, की टी पेशी न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात आणि त्यांच्या गर्दीने वाहिन्या फाटतात. माणसांतही याची किंमत मोजली गेली आहे. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एचआयव्हीबाधित क्रिप्टोकॉकल (बुरशीमुळे होणाऱ्या) मेनिंजायटिसच्या रुग्णांत प्रतिकारशक्ती परत आणणारी एचआयव्हीविरोधी औषधं लवकर सुरू केली, तर २६ आठवड्यांत ४५ टक्के दगावले. पाचेक आठवडे थांबलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं.

पाठीतल्या पाण्याचा आकडा

रुग्णाच्या बाबतीत मेंदूतल्या पेशी मोजायचा आपल्याकडे रोजचा मार्ग एकच, पाठीतलं पाणी. हे पाणी आवरणांमधलं आहे, मेंदूच्या गाभ्यातलं नाही, म्हणून ते स्वच्छ आलं तरी मेंदूज्वर (गाभ्याचा दाह, एन्सेफलायटिस) नाही असं ठरत नाही. सुई टोचताना रक्त मिसळलं असेल तर दर ५०० ते १००० तांबड्या पेशींमागे एक पांढरी पेशी वजा करतात. आणि नळी बाकावर पडून राहिली तर न्यूट्रोफिल फुटतात, खोलीच्या तापमानात दोन तासांत निम्म्यापर्यंत. उरतात लिम्फोसाइट, जे टीबीत जास्त दिसतात, आणि बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस कागदावर टीबीसारखा दिसू शकतो. बऱ्याच ठिकाणी ही नळी नातेवाईकाच्या हाती दिली जाते आणि तो बिचारा आधी बिलाच्या रांगेत उभा राहतो. नळीवर नावाखाली पाणी काढल्याची वेळ लिहा, आणि ती आधी लॅबमध्ये द्या असं त्याला स्पष्ट सांगा.