रिकाम्या पुंगळ्या आणि दोन नावांची माशी

करवतमाशीवर, म्हणजे इंग्रजीत जिला सॉफ्लाय म्हणतात तिच्यावर, काम करायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, आता जाळी घेऊन माशा पकडत हिंडायचं. प्रत्यक्षात पहिले कित्येक आठवडे मी पानं उलगडत बसले.

माझ्या वाट्याला आली ती युरोपात गुलाबावर येणारी ब्लेनोकाम्पा फायलोकोल्पा. माशी काळी, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. समोर बसली तरी लक्ष जात नाही. तिची करणी मात्र लांबूनच दिसते. पर्णिकेच्या, म्हणजे गुलाबाच्या संयुक्त पानातल्या एकेका छोट्या पानाच्या, दोन्ही कडा खालून मधल्या शिरेकडे वळतात आणि पानाची घट्ट पुंगळी होते.

पहिल्या दिवशी पिशवीभर पुंगळ्या आणून चिमट्याने एकेक उलगडली. बहुतेक रिकाम्या. अळी निघून गेली असेल म्हणून विष्ठा शोधली, कुरतडलेली कड शोधली, काही नाही. वहीत ‘नमुने खराब’ असं लिहिलं आणि मोकळी झाले. चूक माझीच होती. मादी करवतीसारख्या अवयवाने पान टोचते, त्यात स्राव सोडते आणि त्या स्रावाने पान वळतं. पण टोचलेल्या प्रत्येक पानात ती अंडं घालतेच असं नाही, नुसत्या चाचपणीनेही पान वळतं. म्हणजे रिकामी पुंगळी ही सुद्धा नोंद आहे. रिकामी, अंडं असलेली, अळी असलेली असे तीन रकाने पहिल्याच दिवशी आखा. मी ते उशिरा आखले, त्यामुळे आधीचे सगळे आकडे फेकावे लागले.

पुंगळीत रेशमाचा धागा दिसला तर थांबा. पॅम्फिलीडी कुलातल्या करवतमाश्यांच्या अळ्या धाग्याने पान बांधतात, आणि पतंगांच्या कित्येक अळ्याही. आपल्या अळीला ते कष्टच नाहीत, घर आईने आधीच वळून ठेवलेलं असतं.

पतंगाची अळी वेगळी काढायची तर भिंग घेऊन पाय मोजा. पोटाखालचे मांसल पाय पतंगाच्या अळीला जास्तीत जास्त पाच जोड्या. आपल्या फिकट हिरव्या अळीला त्याहून जास्त. शिवाय डोक्याच्या प्रत्येक बाजूला डोळ्याचा एकच ठिपका. पाय मोजताना अळी वळवळते आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. त्यावर उपाय नाही, पुन्हा मोजायचं.

नावाचा घोळ मला सर्वांत जास्त भोवला. संदर्भ शोधले तर जुन्या लिखाणात काहीच सापडेना, जणू या माशीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं, पण ‘ब्लेनोकाम्पा पुसिला’ या नावाने. फायलोकोल्पा हे नाव विटासारी आणि विकबर्ग यांनी 1985 साली दिलं. तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्या, आणि जुन्या लेबलावरचं नाव खोडू नका. खाली स्वतःचं लेबल जोडा.

अळ्या पाळायच्या असतील तर वर्षाची तयारी ठेवा, कारण पिढी वर्षाला एकच. उन्हाळ्यात पूर्ण वाढलेली अळी जमिनीत उतरते, कोश विणते आणि हिवाळाभर त्यात अळी म्हणूनच पडून राहते. रूपांतर थेट वसंतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण धीर धरवेना. आत काय चाललंय म्हणून दोन कोश उघडले. आत आखडलेली, निपचित अळी. दोन्ही वाया गेल्या. बाकीचे डबे मग गार जागी ठेवले आणि माती कोरडी पडणार नाही इतपतच ओलावा दिला, कारण आधीच्या एका डब्यात जास्त पाण्याने बुरशी आली होती.

जवळच्या जाती नेमक्या ओळखायच्या तर बहुधा मादीची करवतच पाहावी लागते. पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करायचं, पाती सुट्या करायच्या आणि काचपट्टीवर आडव्या निजवायच्या. माझ्या पहिल्या पट्टीत नेमका दातांवरच हवेचा बुडबुडा बसला. ती पट्टी अजून माझ्या पेटीत आहे. लेबलावर तारीख आणि झुडपाचा क्रमांक आहे, जातीच्या नावाची जागा कोरी.